आमचो मनीस

बायको जाऊन महिना झाला नव्हता. डोक्यावर केस अजून उगवले नव्हते. आणि मी माडावर होतो.

वय माझं पंचाहत्तरच्या आसपास. खाली भाटकाराचा मुलगा उभा. त्याच्याबरोबर दिल्लीचे पाहुणे, नवरा-बायको. भाट बघायला आलेले. भाट म्हणजे नारळी-पोफळीची बाग, भाटकार तिचा मालक. आता ती विकायला काढलीय. तिथे बंगले होणार, पोहायची टाकी होणार.

सकाळीच हाक आली होती. "आरे, सोयऱ्यांक चार आडसरां काड." आडसर म्हणजे शहाळं.

मी म्हटलं, "बाब, आतां पांय कांपतात."

"माड कांपतलो रे, तुजे पांय ना!"

सगळे हसले. मी पायात काथ्याचा फास घातला, कोयता कमरेला अडकवला आणि चढलो. छातीची कातडी सोलली. अर्ध्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. खोडाला मिठी मारून तसाच थांबलो. खाली बघितलं तर त्या बाईने मोबाईल वर धरलेला. माझा पिच्चर काढत होती.

उतरलो. शहाळी तासून दिली. तेव्हा भाटकाराच्या मुलाने माझ्या मानेवर हात ठेवला. खांद्यावर नाही. मानेवर. बैलाच्या ठेवतात तसा. म्हणाला, "ये अपना ही आदमी है. जगह के साथ है. पीढ़ियों से."

पाहुणा म्हणाला, "अच्छा? तो ये भी साथ में मिलेगा?"

परत सगळे हसले. मीही हसलो.

तोंड आपोआप हसलं. जन्मभर भाटकारासमोर हसत आलेलं तोंड. त्याला काय कळतंय.

जाताना भाटकाराचा मुलगा माझ्या दारापाशी थांबला. दारात तेलाचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात तुळस. डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तो डबो काड थंयसून. बरो दिसना. हे लोक परत येतले. आनी तूं भियें नाका. हें घर मोडटले, पूण तुका फाटल्यान एक कूड दितले. राखण कर, माडांक उदक घाल. तूं खंय वतलो? तूं आमचोच न्ही?"

घर मोडणार. मला मागे एक खोली देणार. हे त्यांचं ठरलं होतं. मला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मी मान हलवली. सवय.

ते गेल्यावर उंबऱ्यावर बसलो. डब्याकडे बघत. माझी बायको द्वारका मरताना माझ्याकडे एकच गोष्ट मागून गेली होती. त्या डब्याचीच. मी ती केली नव्हती. म्हणून हे लिहायला बसलो. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलो, म्हणून मराठीत. बोलतो कोकणी. चुकलं तर चुकलं.

आम्ही मुंडकार. डिचोली तालुक्यातले. खेड्याचं नाव लिहीत नाही, अशी खेडी पुष्कळ आहेत. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत झोपडं घालून राहणारा. झोपडं आपण बांधायचं, माती त्याची. म्हणून त्याचं काम आपण करायचं. माझा आजा करत होता, बापूस करत होता, मी केलं. मी पाडेली. नारळ पाडणारा. काजूच्या दिवसांत डोंगरावर काजू वेचायचे. चवथीला भाटकाराच्या गणपतीवर माटोळी बांधतात, तिला लागणारी रानातली फळं आम्ही आणायची. टांगायची त्यांनी. बाल्कांवात, म्हणजे त्यांच्या पुढच्या ओसरीत, आम्ही पाय ठेवायचा नाही. त्यांच्या घरासमोरून जाताना पावसातसुद्धा छत्री मिटायची. भिजायचं आणि हात जोडायचे. भाटकाराला बाब म्हणायचं. त्याच्या शेंबड्या पोरालाही बाब. पोराने माझ्या बापसाला "आरे" म्हटलेलं मी तरणा असताना ऐकलंय. माझा बापूस "जी बाब" म्हणायचा. पोर सात-आठ वर्षांचं असेल. त्या दिवशी माझ्या मानेवर हात ठेवला, तो तोच.

एक गोष्ट मात्र सक्त मना. जमिनीत काही रुजवायचं नाही. दारात माड लावायचा नाही, फणस लावायचा नाही. चिऱ्याचं बांधकाम करायचं नाही. भिंती मातीच्याच. कारण झाड मोठं झालं की म्हणणार, हे कुणी लावलं? तुम्ही लावलं? मग जागाही तुमची काय? म्हणून आमच्या वाड्यावर सगळ्यांची तुळस डब्यात. तेलाचा डबा, डालड्याचा डबा, फुटकी घागर. उचल म्हटलं की उचलता आली पाहिजे. माणसासकट.

आणि हे सगळं सोसायचं कशासाठी? एका शब्दासाठी. आमचो. "हो आमचो मनीस." भाटकाराने पाहुण्यांत असं म्हटलं की माझ्या बापसाची छाती फुगायची. त्याला ती माया वाटायची. गोवा सुटला, मग काही वर्षांनी मुंडकारांचा कायदा आला. मुंडकाराचं घर मुंडकाराचं. वाड्यावर कुणीतरी वाचून दाखवलं. मग माझा बापूस विचारायला गेला, आपण कचेरीत नाव घालावं काय? कुणाला विचारायला गेला? भाटकारालाच. दुसऱ्या कुणाला विचारायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

भाटकार रागावला नाही. सुपारी कातरत म्हणाला, "घाल न्ही नांव. पूण मागीर तूं आमचो उरचो ना."

मग आमचा राहणार नाहीस. एवढं ऐकून बापूस घरी आला. पेज जेवला. झोपला. कायदा संपला.

द्वारका दोडामार्गाकडची. तिच्या बापसाची जमीन ती काय, हातभर. पण स्वतःची. लग्न होऊन आली, दारात उभी राहिली आणि पहिलं काय बोलली? "ह्यां काय? तुळस डब्यात? ती काय गोडातेल हा?"

माझी आई तोंडावर पदर घेऊन हसली. मग रडली. का रडली ते मला तेव्हा समजलं नाही.

द्वारका गोव्यात जन्म काढून मालवणीच बोलली. कोकणी तोंडात घेतलीच नाही. हट्टी. त्याच वर्षी तुळशीच्या लग्नाआधी तिने कुठून कुठून चिऱ्याचे तुकडे गोळा केले. माती कालवली. दारात वीतभर उंचीचं वृंदावन घातलं, शेणाने सारवलं, वर तुळस लावली. खाली भुई लागेल अशी. मला म्हणाली, "आता घर दिसता." मी घाबरलो होतो. पण तिच्या तोंडाकडे बघून काही बोललो नाही.

संध्याकाळी भाटकार आला. म्हातारा बाब, आताच्याचा बापूस. काठी टेकत. ओरडला नाही. हे लोक ओरडत नाहीत. गोड बोलला. "द्वारके, तूं आमचे घरची सून. मागीर वेगळी तुळस कित्याक? आमचे तुळशीक ये. दिवो लाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोड तें."

सगळा वाडा बघत होता. मी कुदळ आणली. हात वर उचलला तर द्वारकेने मागून दांडा धरला.

"तुमी नको. माका देवा ती कुदळ. माज्या हातान मोडतंय. मगे माका याद रवात."

तिने मोडलं. एक एक तुकडा. तुळस मुळासकट काढली, परत डब्यात लावली. भाटकार उभा राहून बघत होता, ती शेवटपर्यंत मान खाली घालत नव्हती. त्यानंतर त्याच्या तुळशीपुढे दिवा लावायला ती कधी गेली नाही. मी जात राहिलो.

पुढे डोंगराखाली लोखंड निघालं. डोंगर भाटकाराचा. काजू तोडले. ज्यांना आम्ही बापजाद्यांपासून पाणी घातलं, राखलं, ते काजू आमच्याकडूनच तोडून घेतले. खाण सुरू झाली. कंपनीचा साहेब आला, कामाला माणसं पाहिजेत म्हणाला. भाटकार म्हणाला, "मनीस आमचे आसात." झालं. आम्ही बागेतून खाणीत. मला कुणी विचारलं नाही, द्वारकेला कुणी विचारलं नाही. आठवडाभर डोंगर फोडायचा आणि सुट्टीला भाटातलं काम आहेच. ते चुकायचं नाही. मी फावड्याने भरायचो, द्वारका डोक्यावरून पाटी वाहायची. तांबडी माती. ती घामात भिजून अंगावरून उतरली की रक्तासारखी दिसायची. मग मशिनं आली, ट्रक आले, रात्रंदिवस ट्रक. माती नदीवर, तिथून बार्जींत, म्हणजे सपाट बोटींत, बार्जी मुरगावच्या बंदराला. तिथून जहाजात. कुठच्या कुठच्या देशांत त्या मातीच्या गाड्या झाल्या, पूल झाले म्हणे. आमच्या झऱ्याचं पाणी तांबडं झालं. शेतात चिखल उतरला, तो परत कधी निघाला नाही. भाटकाराच्या घराला संगमरवराची लादी आली. मुलगा शिकायला अमेरिकेत गेला.

आमच्या घरात काय आलं? खोकला. आधी माझ्या आईला. मग द्वारकेला.

मग खाण बंद पडली. डोंगर गेला तो गेला. आता तिथे मोठा खड्डा आहे, हिरवं पाणी साठलेला. वाड्यावरची तरणी पोरं मुरगावला गेली, पेडण्याला हॉटेलांत गेली. भाटकार वारला तेव्हा त्याच्या सरणाचा आंबा मी तोडला. तीही रीतच. भाटकाराचं सरण मुंडकाराने रचायचं. लाकडं मी वाहिली, आग त्याच्या मुलाने दिली. तो अमेरिकेतून आला तो इथेच राहिला. द्वारका गेली तेव्हा मी त्याच्याकडे एक वठलेला आंबा मागितला. म्हणाला, "आतां झाडां विकपाक काडल्यांत रे, हांव कसो दिवं?" जावयाने टेंपोतून वखारीतली लाकडं आणली. द्वारका त्यांच्यावर जळली.

तिच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझी नात डिचोलीला कॉलेजात जाते. सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. द्वारका खाटेवर. नात शेजारी बसून मोठ्याने अभ्यास वाचायची, आजीला करमावं म्हणून. इतिहासाचं पुस्तक. अमेरिकेचा इतिहास, जुना. तिथे म्हणे मोठमोठी कापसाची शेतं. आफ्रिकेतून माणसं धरून आणलेली, कापूस वेचायला. पगार नाही. जमिनीचा मालक तो त्यांचा मालक. विकत घेतलेली माणसं. त्यांची पोरंही जन्मली की त्याचीच. शेत विकलं की माणसंही त्यात विकली जायची. आणि तो कापूस जायचा गिरण्यांत. गिरण्या वाढल्या, गावांची शहरं झाली, देश मोठा झाला. मालक म्हणायचे, ही आमचीच माणसं, आमच्या घरच्यासारखी.

द्वारका डोळे मिटून पडली होती. डोळे उघडले. "ह्यां पुस्तक कोणी लिवल्यान? तो आमच्या वाड्यार इल्लो काय?"

नात हसली. मीही हसलो. द्वारका नाही हसली. "वाच पुढे."

नात म्हणाली, "आजी, त्यांना तर साखळ्या घालायचे, चाबकाने मारायचे. पोरं आईपासून तोडून विकायचे. तुमचं तसं नव्हतं."

"नाय. आमका मारूक नाय," द्वारका म्हणाली. "आमका नुसता आमचे म्हटल्यानी."

मग खोकला आला. खोकला बसल्यावर विचारते, "मगे त्येंचा काय झाला?"

"लढाई झाली, कायदा झाला. सुटले सगळे."

"आणि जमीन?"

नातीने पान उलटलं. शोधलं. "जमीन नाही मिळाली, आजी. बहुतेकांना नाही. परत त्याच मालकांच्या शेतात राबायला गेले, अर्धेलीने."

द्वारकेने भिंतीकडे तोंड केलं. "मगे सुटले खंय?"

नातीने पुस्तक मिटलं.

त्यानंतर ती फार बोलली नाही. पावात चहा बुडवून भरवायचो, तोही गिळेना. एका सकाळी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडेना. "ह्या खेपेक तुळस जमनीत लावा."

मी म्हटलं, "लायतां."

दुपारी गेली.

आणि मी लावली नाही. बारावं-तेरावं झालं, लोक गेले, मी डब्यात पाणी घालत राहिलो. रोज कुदळीकडे बघायचो. भाटकार काय म्हणेल? हे माझ्या हाडात होतं. मेलेल्या बायकोपेक्षा जिवंत भाटकार मोठा.

त्या दिवशी, माडावरून उतरल्यावर, उंबऱ्यावर बसलो होतो ना, तेव्हा छातीची आग होत होती. सोललेल्या जागेवर घाम लागत होता. आणि कानात तो पाहुणा. ये भी साथ में मिलेगा? माझ्या बापसाची छाती ज्या शब्दाने फुगायची, त्याचा अर्थ त्या परक्या माणसाने एका वाक्यात सांगून टाकला. त्याला माहीतही नसेल त्याने काय सांगितलं. आम्ही माणसं नव्हतोच. विहीर, माड, मुंडकार. जागेबरोबर.

नातीचं पुस्तक आठवलं. भिंतीकडे वळलेलं द्वारकेचं तोंड आठवलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे परत आले. मी दारात कुदळ घेऊन खणत होतो. जुन्या वृंदावनाच्या जागीच. खाली चिऱ्याचा एक तुकडा लागला, तेव्हाचा. द्वारकेच्या हातून राहून गेलेला. तो तिथेच ठेवला.

भाटकाराचा मुलगा पुढे आला. "कितें करता रे?"

"तुळस लायतां."

"कोणाक विचारलें?"

"बायलेक."

तो मागे वळला. पाहुण्यांकडे बघून हसला. मग खालच्या आवाजात, "पिसो जालो काय? सोयरे आयल्यात. वच, दोन आडसरां काड, मागीर उलोवया."

आधी शहाळी, बोलणं मागून. मी कोयता कमरेचा काढला. त्याच्या पायाशी ठेवला. "माड थंय आसा, बाब. चड."

जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून असं गेलं. बाब हा शब्द गेलाच. तोंडाला लागलेला, तो सुटायला वेळ लागेल. पण हसलो नाही. हे मी स्वतः बघितलं. तोंड हसलं नाही.

त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला. त्याला दुःख झालं असणार. म्हणाला, "तूं आमचो न्ही रे?"

"ना."

एवढंच म्हटलं. ना. हा शब्द बापसाला सुपारी कातरण्याच्या आवाजात सापडला नव्हता.

डबा पालथा केला. मुळं डब्याच्या आकाराची झालेली, चौकोनी, एकमेकांत गुंतून घट्ट. बोटांनी सोडवली. लावली. पाणी घातलं. पाहुणीने मोबाईल वर केला आणि परत खाली घेतला.

आता पुढचं. कुणाला वाटेल म्हातारा जिंकला. कसला जिंकतोय.

विहिरीकडच्या वाटेला फाटक आलं, कुलूप आलं. मी वाड्याच्या टोकाच्या नळावरून कॅनने पाणी आणतो. वाड्यावर चार घरं उरलीत, त्यांनी मागची खोली पत्करली. ते माझ्याशी बोलत नाहीत. एकजण म्हणाला, "तुजे पायीं आमकांय भायर घालतले." खोटं नाही. घालतीलही. कचेरीत अर्ज टाकलाय, मुंडकार म्हणून. वकील म्हणाला, "आजोबा, वेळ लागणार." माझ्याकडे बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं. मलाही समजतं. मी आधी जाणार, निकाल मागून येणार. मुलगी म्हणते आमच्याकडे या. जावई चांगला आहे. पण मी उठलो की घर रिकामं, आणि रिकामं घर मोडायला मशीनला किती वेळ लागतो ते मी खाणीत बघितलंय. आख्खा डोंगर गेला.

द्वारका नाही. सकाळी दोन कप उतरवतो, एक परत ठेवतो. ती असती तर म्हणाली असती, एवढ्या उशिरा अक्कल आली. आली खरी. ती बघायला नाही, ह्याचं काय करू? काही करता येत नाही.

तुळसही नीट नाही. पानं पिवळी पडतायत. जमीन खाणीजवळची, वर धूळ, खाली खडक. डब्यात वाढलेलं मूळ पसरायला शिकलेलं नाही. जगेलसं वाटत नाही.

मशीन येईल. येऊ दे. मी दारात बसलोय. माडावर चढणार नाही. छत्री मिटणार नाही. आमचो म्हणून हाक आली तर ओ देणार नाही.

तुळस मेली तर दुसरी लावीन. ती मेली तर तिसरी. डब्यात नाही.

जमिनीत.